प्रतिरूपाने लिहिलेली वेळ

पदोन्नतीची यादी सकाळी अकराला आली. राज्य पूरनियमन संचालनालयाच्या नागपूर कार्यालयात ती सगळ्यांच्या पडद्यावर एकाच क्षणी उघडली, आणि पुढची दोन मिनिटं कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

उपसंचालक हर्षदा लांजेवार यांनी यादी तीनदा वाचली. सहसंचालकाची जागा एकच होती. सेवाज्येष्ठतेत हर्षदाचा क्रमांक पहिला होता. निवड मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या प्रफुल्ल ठवरे याची झाली होती. तिच्या नावापुढे एवढंच होतं: ‘उच्च पदासाठी अयोग्य. कारण: विश्वासार्हता.’

बावीस वर्षांच्या नोकरीत तिच्यावर एकही ठपका नव्हता. सुट्टीचा अर्जसुद्धा तिने कधी उशिरा दिला नव्हता.

प्रफुल्लचा फोन लगेच आला. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलेले, पहिली नेमणूकही एकाच धरणावरची.

“हर्षदा, मला खरंच कळत नाहीये,” तो म्हणाला. “मला वाटलं होतं तूच.”

“मलाही तसंच वाटलं होतं,” ती म्हणाली. मग अभिनंदन करायचं राहिलं हे आठवून तिने ते केलं.

२०४३ साल होतं. चार वर्षांपूर्वी सरकारने बढतीसाठी प्रतिरूप चाचणी सुरू केली होती. तिच्यामागची कल्पना समजायला अवघड नव्हती. अधिकारी नोकरीभर लिहीत असतो. फायलींवरचे शेरे, पत्रं, संदेश, अहवाल. कुठल्या फायलीवर त्याने लगेच सही केली, कुठली आठ दिवस ठेवली, कोणाला फोन केला, कोणाला लेखी विचारलं, हे सगळं साठलेलं असतं. त्या साठ्यावरून यंत्र त्या माणसाचं एक प्रतिरूप तयार करी. एखाद्या परिस्थितीत हा माणूस काय लिहील, काय ठरवील याचा अंदाज बांधणारी ती एक गणिती रचना होती. मग त्या प्रतिरूपाला वरच्या पदावर बसवून यंत्र दहा वर्षांचा कारभार चालवून बघे. पाऊस, पूर, मंत्र्यांचे फोन, बिघडलेले दरवाजे, सगळं कल्पित, पण मोजून-मापून खऱ्यासारखं. असं तीनशे वेळा, दर वेळी पाऊस वेगळा. बाकीच्या उमेदवारांची प्रतिरूपंही त्याच खेळात सहकारी म्हणून असत. शेवटी पदोन्नती समितीपुढे एक गुण आणि एक ओळ जाई.

माणूस पूर्वी कसा वागला यापेक्षा पुढे कसा वागेल हे महत्त्वाचं, असं तेव्हा सगळ्यांना पटलं होतं. हर्षदालाही पटलं होतं.

*

अॅडव्होकेट नुसरत काझी सेवाविषयक खटले चालवत. त्यांनी यादीची प्रत वाचली आणि चष्मा टेबलावर ठेवला.

“मॅडम, आधी एक समजून घ्या. तुम्ही लायक आहात की नाही हे न्यायाधिकरण ठरवणार नाही. ते समितीचं काम. तुमचा पेपर तिथे कोणी पुन्हा तपासणार नाही. तपासताना नियम पाळले का, सगळे कागद समोर होते का, कोणाच्या मनात आकस होता का, एवढंच ते बघतील.”

“मग उपयोग काय?”

“उपयोग आहे. गोपनीय अहवालात तुमच्याविरुद्ध काही लिहिलं, तर ते तुम्हाला दाखवावं लागतं. उत्तर द्यायची संधी द्यावी लागते. हा जुना नियम आहे. तुमच्या प्रतिरूपाने काहीतरी केलंय म्हणून तुम्ही अविश्वासार्ह. काय केलं ते तुम्हाला कोणी दाखवलं?”

“नाही. पण ते मी केलेलंच नाही.”

“म्हणून तर दाखवायला हवं,” नुसरत म्हणाल्या.

सरकारी वकिलांनी विरोध केला. प्रतिरूपाचा अहवाल हा गोपनीय अहवाल नव्हे, ते फक्त अनुमान आहे, असं त्यांचं म्हणणं. न्यायाधिकरणाच्या अध्यक्षा निवृत्त न्यायमूर्ती शैलजा परचुरे होत्या. त्यांनी विचारलं, “अनुमानावर बढती नाकारता येते, मग ते अनुमान अर्जदाराला वाचता का येऊ नये?” आणि दोन दिवस अभिलेख वाचायची परवानगी दिली.

*

संचालनालयाच्या तळमजल्यावरच्या खोलीत हर्षदा वाचायला बसली. शेजारी यंत्र सांभाळणारा तंत्रज्ञ होता.

पहिल्या तासात तिला मजा वाटली. प्रतिरूप तिच्यासारखंच लिहीत होतं. ‘स्थळपाहणी करून सादर करावे.’ ‘घाई करू नये, पण उशीरही होऊ नये.’ हे शेवटचं वाक्य तिने आयुष्यात कितीदा लिहिलं होतं! न झालेल्या बैठकांची ती इतिवृत्तं होती, आणि त्यात ती होती.

दुपारी दोनशे बारावी फेरी उघडली. कारभाराचं सातवं वर्ष. एका कल्पित धरणातून पाणी सोडायचं होतं. त्याआधी वीस मिनिटं खालच्या गावासाठी भोंगा वाजायला हवा होता. भोंग्याची जबाबदारी प्रफुल्लच्या प्रतिरूपाकडे होती. तो चाळीस मिनिटं उशिरा वाजला. तीन माणसं वाहून गेली. चौकशी अहवाल हर्षदाच्या प्रतिरूपाने लिहिला आणि त्यात भोंग्याची वेळ बरोबर नोंदवली. बरोबर म्हणजे नियमात बसणारी.

तिने तीच ओळ पुन्हा वाचली.

“असं किती वेळा झालंय?” तिने विचारलं.

तंत्रज्ञाने शोधून सांगितलं, “अशा प्रकारचे प्रसंग एक्केचाळीस वेळा आले. अडतीस वेळा तुमच्या... म्हणजे प्रतिरूपाने वेळ बदलली. चूक करणारा जुना सहकारी असेल तेव्हाच. अनोळखी माणसासाठी एकदाही नाही.”

“हे त्याला कुठून सुचलं? माझ्या कुठल्या कागदावरून?”

“ते सांगता येत नाही, मॅडम. कोट्यवधी बारीकसारीक गोष्टींचा एकत्र परिणाम असतो. हा कागद, ती ओळ, असं बोट ठेवून नाही दाखवता येत.”

हर्षदाला मात्र एक कागद माहीत होता. २०२६ सालच्या ऑगस्टमधला. मांडवझरी धरणाच्या नियंत्रण कक्षातली नोंदवही. दुपारी अडीचला दरवाजे उघडायचे ठरले होते, म्हणून दोन दहाला भोंगा. दोन पाचला तिने प्रफुल्लला फोन केला होता. तो दोन किलोमीटरवर भोंग्याच्या खोलीत होता. “हो, वाजवतो,” म्हणाला, आणि नंतर फोन लागेनासा झाला. पाऊस पत्र्यावर इतका कोसळत होता की काही ऐकू येत नव्हतं. अडीचला वरून आलेल्या आदेशाप्रमाणे दरवाजे उघडले. आणि दोन सदतीसला, पाऊस जरा ओसरला तेव्हा, तिने भोंगा सुरू होताना ऐकला. समोरच्या घड्याळाकडे पाहिलं. प्रफुल्ल कुठेतरी गेला असणार, असं तिला वाटलं. धरणाखालच्या पिपरटोला गावात कोणाला काही झालं नाही असं संध्याकाळी कळलं, आणि तिने वहीत लिहिलं: २.१०.

हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. प्रफुल्लशीही ती कधी त्यावर बोलली नव्हती. बोलायची गरज नाही, त्याला माहीतच आहे, असं ती सतरा वर्षं धरून चालली होती.

*

“म्हणजे यंत्र बरोबर होतं?” तिचा नवरा विलास म्हणाला. तो शाळेत भूगोल शिकवत असे.

“मला कळत नाही. त्याला ते माहीत नव्हतं. माहीत असतं तर मला नोटीस आली असती, मी उत्तर दिलं असतं. माहीत नसताना त्याने ओळखलं. आता जे मी केलं त्याची शिक्षा झाली की जे केलं नाही त्याची?”

विलास भाजी निवडत होता. थोड्या वेळाने त्याने विचारलं, “माझ्यासाठी काय केलं तिने? त्या प्रतिरूपाने?”

“तू नव्हतास त्यात.”

“दहा वर्षांत एकदाही?”

“तीनशे वेळा दहा वर्षं. घरचं कोणीच नव्हतं. फक्त कचेरी.”

तो हसला आणि पुन्हा भाजी निवडू लागला. तिने त्याच्यापुढची अर्धी जुडी आपल्याकडे ओढली.

दुसऱ्या दिवशी नुसरतनी अभिलेख वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. “मॅडम, हे तर आपल्या हाती आयतंच आलं! मूळ चूक ठवरेंच्या प्रतिरूपाची. ज्याच्या चुकीने तीन माणसं गेली तो निवडला गेला, आणि ज्याने ती झाकली तो अयोग्य. यापेक्षा मोठी मनमानी कुठली? त्यांना आपण प्रतिवादी केलेलंच आहे. हे पुढे मांडलं की त्यांची निवड जाते.”

“म्हणजे मी त्याला पुढे करायचं?”

“त्यांच्या प्रतिरूपाला.”

हर्षदाने मनात दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. प्रफुल्लला वाचवलं, तर यंत्राने तिच्याबद्दल काढलेला निष्कर्ष खरा ठरत होता: ही बाई जुन्या सहकाऱ्यासाठी सत्य बाजूला ठेवते. त्याला पुढे केलं तर यंत्र खोटं ठरत होतं, पण बढतीसाठी. आणि दोन्हीकडे मांडवझरीची ती वही तशीच राहत होती.

“मला आधी त्याच्याशी बोलू द्या,” ती म्हणाली.

*

प्रफुल्लच्या नव्या दालनात अजून जुन्या साहेबांच्या नावाची पाटी होती. त्याने चहा मागवला. हर्षदाने दोनशे बाराव्या फेरीबद्दल सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला.

“माझ्या त्या प्रतिरूपाने तुला वेळ बदलायला सांगितलं होतं?”

“नाही. मांडवझरीलाही तू सांगितलं नव्हतंस.”

“मांडवझरीला काय?”

तिला वाटलं तो वेड पांघरतोय. “प्रफुल्ल, भोंगा दोन सदतीसला वाजला. मी दोन दहा लिहिलं.”

त्याने कप खाली ठेवला. “काहीतरीच काय! मी वेळेवरच वाजवला होता. दुसऱ्या दिवशी मी स्वतः वही पाहिली. दोन दहा. पाहिली आणि जिवात जीव आला.”

“ते मी लिहिलं होतं म्हणून तुला दिसलं!”

“मग तू चुकीचं ऐकलं असशील. तेवढ्या पावसात काय ऐकू येणार? भोंगा बंद पडून पुन्हा वाजला असेल.” त्याचा आवाज चढला नाही. तो रागावलेला दिसत नव्हता, घाबरलेला दिसत होता. “सतरा वर्षांनी तू मला सांगतेस की मी... हर्षदा, तुला बढती मिळाली नाही म्हणून तर तुला असं आठवत नाहीये ना?”

जिना उतरताना तिने स्वतःला हाच प्रश्न विचारला. घड्याळाचा काटा तिला डोळ्यांसमोर स्वच्छ दिसत होता. पण अभिलेख वाचण्याआधीही तो इतका स्वच्छ होता का? त्या तीनशे फेऱ्यांनीच तो काटा तिच्या मनात बसवला नसेल कशावरून?

*

शनिवारी सकाळी विलासने गाडी काढली. “तुला खरं काय ते हवंय ना? मग गावात विचारू. भोंगा त्यांच्यासाठीच होता.”

पिपरटोल्यात सकाळची शाळा भरलेली होती. भोंग्याचं नाव काढताच शिक्षकांनी त्यांना लीलाबाई उइके यांच्या घरी नेलं. त्या तेव्हा मुख्याध्यापिका होत्या. आता सत्तरीच्या पुढे होत्या, ओसरीत लाखोळीची डाळ पाखडत बसल्या होत्या.

“भोंगा?” त्या म्हणाल्या. “तो तं मागून वाजला जी. पाणी आधी आलं.”

“नक्की?”

“शाळा नाल्याच्या काठाले होती तवा. एकतीस लेकरं होती. दोन वाजताच मले नाल्याचं पाणी काही बरं दिसेना. गढूळ, आन् काड्या येत होत्या. मी म्हटलं, चला रे, देवळात बसून पाढे म्हणू. सगळ्याईले घेऊन टेकडीवर गेली. तिथून पाह्यलं, शाळेत पाणी शिरलं. आन् मग भोंगा. लेकरं हासली, बाई, आता वाजते म्हणून.” त्याही हसल्या. “परवानगी न घेता शाळा हलवली म्हणून साहेब रागावतील, तं मी वहीत सगळं लिहून ठेवलं.”

वही शाळेच्या कपाटात होती. शिक्षकांनी ती शोधून दिली. निळ्या शाईत, गोल अक्षरात: ‘नाल्यास पूर येण्याचा संभव वाटल्याने २.०० वा. विद्यार्थी देवळात नेले. २.३५ वा. शाळेत पाणी. २.३७ वा. भोंगा.’

हर्षदा व्हरांड्यात बसून राहिली. तिची आठवण खरी होती, त्याचं समाधान तिला वाटायला हवं होतं. पण इतकी वर्षं ती ‘कोणाला काही झालं नाही’ या वाक्याच्या आधाराने राहिली होती. कोणाला काही झालं नाही, कारण एका बाईने नाल्याकडे पाहिलं होतं. आणि अडीचला, भोंगा ऐकू आलेला नसताना, दरवाजे थांबवा असं हर्षदाने कोणाला सांगितलं नव्हतं. आपण प्रफुल्लला वाचवलं असं ती समजत होती. वहीतल्या त्या आकड्याने ती स्वतःही वाचली होती.

“काय करणार?” विलासने विचारलं.

“लिहिणार. यंत्राच्या भोंग्याबद्दल नाही. या भोंग्याबद्दल.”

“प्रफुल्लला?”

“त्याला आधी सांगणार.”

प्रफुल्लला तिने फोनवर शाळेच्या वहीतल्या ओळी वाचून दाखवल्या. मग तो म्हणाला, “ठीक आहे,” आणि त्याने फोन ठेवला.

*

“मॅडम, हे शपथपत्र दाखल केलं तर केस संपली,” नुसरत म्हणाल्या. “सरकार म्हणेल, पाहा, यंत्र बरोबरच होतं.”

सरकारी वकील नेमकं तेच म्हणाले. “अर्जदाराने स्वतःच कबूल केलंय. प्रतिरूपाने जे ओळखलं ते खरं निघालं. आता तक्रार कशाची?”

अध्यक्षा परचुरे यांनी शपथपत्र पुन्हा एकदा वाचलं. मग हर्षदाला उभं राहायला सांगितलं.

“हे तुम्हाला आधी विचारलं असतं तर सांगितलं असतं का?”

“माहीत नाही,” हर्षदा म्हणाली. “मला कोणी विचारलं नाही.”

निकाल पंधरा दिवसांनी आला. त्यात म्हटलं होतं की यंत्राचं अनुमान खरं निघालं की खोटं, हा प्रश्नच न्यायाधिकरणापुढे नाही. निर्णय झाला तेव्हा समितीपुढे एक ओळ होती, आणि जिच्याबद्दल ती ओळ होती तिला ती दाखवलेली नव्हती. प्रतिरूपाच्या कृत्याची शिक्षा माणसाला देता येत नाही. माणसाच्या कृत्याची द्यायची असेल, तर त्याला विचारून द्यावी. निवड रद्द करण्यात येत आहे. समितीने प्रतिरूप बाजूला ठेवून, मांडवझरीची घटना समोर घेऊन, दोघांचं म्हणणं ऐकून नव्याने ठरवावं. प्रतिकूल शेरा दाखवल्याशिवाय यापुढे कोणालाही बढती नाकारू नये.

नुसरतनी तिला मिठी मारली. हर्षदाला नेमकं काय झालं ते दोन दिवस उमगलं नाही.

*

समितीने दोघांना एकाच दिवशी बोलावलं. आधी प्रफुल्ल आत गेला. अर्ध्या तासाने तो बाहेर आला आणि बाकावर तिच्या शेजारी बसला. त्या फोननंतर ते पहिल्यांदाच बोलत होते.

“मी कुठे गेलो होतो असं तुला वाटायचं?”

“कुठेतरी. मी विचारलं नाही.”

“मी तिथेच होतो. बटणापाशी.” तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. “जुलैमध्ये मी एकदा भोंगा वाजवला आणि पाणी सोडलंच नाही. लोक शेतातून धावत सुटले. एक बाई पडली, तिचा पाय मोडला. मला मेमो मिळाला. त्या दिवशी फोन तुटला आणि मला वाटलं, नक्की सोडणार ना? पुन्हा रद्द केलं असेल तर? हात बटणावर होता. मला वाटत होतं दोनेक मिनिटं झालीत. दुसऱ्या दिवशी तुझी वही पाहिली, आणि खरंच दोनच मिनिटं झाली होती असं मी मानून टाकलं. आता आत हेच सांगून आलो.”

हर्षदाला बोलायचं होतं, पण शिपायाने तिचं नाव पुकारलं.

आत तीन अधिकारी होते. मधल्या बाईंनी विचारलं, “पुन्हा तसा प्रसंग आला तर कुठली वेळ लिहाल?”

तिने घरून उत्तर तयार करून आणलं होतं. ते तिला आता देता येईना. “पाच मिनिटांपूर्वीच मला कळलं की तो तिथे होता,” ती म्हणाली. “मी त्याला वाचवलं नसतं, तर भोंगा वेळेवर का वाजला नाही ते त्याच वर्षी सगळ्यांना कळलं असतं. खरी वेळ लिहायला हवी होती. पुढच्या वेळी लिहीन असं मला वाटतं. शपथेवर मात्र नाही सांगता येणार.”

बाईंनी बराच वेळ काहीतरी लिहिलं.

महिन्याने पत्र आलं. दोघांनाही लेखी ठपका, दोघांचीही बढती दोन वर्षं स्थगित. सहसंचालकाच्या जागेवर तिसऱ्या क्रमांकाचा अधिकारी आला. त्याला त्या दोघांशी कसं बोलावं ते कळत नसे, म्हणून तो जरा जास्तच नम्रपणे बोले. प्रफुल्ल आणि हर्षदा पुन्हा शेजारच्या दालनांत बसू लागले. कधी जेवायला एकत्र, कधी नाही.

निकाल मात्र राज्यभर पसरला. त्याचा आधार घेऊन लोकांनी आपापले प्रतिरूप अहवाल मागितले, उत्तरं दिली, आणि पुष्कळांना थांबलेली बढती मिळाली. एका दुपारी सांगलीहून कोणा राज्यकर अधिकाऱ्याचा फोन आला. नाव माने.

“मॅडम, तुमच्या खटल्यामुळे माझं काम झालं. घरी सगळे तुमचं नाव घेतात. तुम्ही आता सहसंचालक झाला असाल ना?”

“नाही,” हर्षदा म्हणाली. “मी उपसंचालकच आहे.”

माने गोंधळले. “पण म्हणजे... तुम्ही खटला जिंकला होतात ना?”

हर्षदाने समोरच्या फायलीवरचं पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं.

“जिंकले,” ती म्हणाली. आणि थोडं थांबून, “निकालात तरी तसंच लिहिलंय.”